पाऊणशेचा ताळा

"काय दिलंय ते झालं. आता काढायचंय काय?" ताईने विचारलं.

"डुलकी," भोपळ्या म्हणाला आणि गवताच्या गंजीवर आडवा झाला.

सुट्टीत मावशीकडे जायची परवानगी त्याला एकाच अटीवर मिळाली होती. गणिताच्या चाचणीत त्याला भोपळा मिळाला होता, म्हणजे शून्य, आणि तोही शाब्दिक उदाहरणांत. तेव्हापासून हे नाव त्याला चिकटलं ते सुटेचना. रोज पाच शाब्दिक उदाहरणं सोडवायची, ताईच्या देखरेखीखाली, असा बाबांचा हुकूम होता. सख्ख्या मोठ्या बहिणीला देखरेख करायला सांगणं म्हणजे काय, हे ज्यांना मोठी बहीण आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

ताईची पद्धत ठरलेली होती. दिलंय काय, काढायचंय काय, मधे करायचं काय आणि शेवटी ताळा. ताळा म्हणजे आलेलं उत्तर उलटं फिरवून बघायचं, की ते खरंच बसतंय का. भोपळ्याला पहिल्या तीन पायऱ्या कशाबशा यायच्या. ताळ्यापर्यंत पोहोचायच्या आत त्याला भूक लागायची.

"ऊठ. टाकीला दोन नळ आहेत..."

"ताई, सगळ्या उदाहरणांत टाकीला दोन नळ असतात आणि एक गळका असतो. ते लोक प्लंबरला का बोलवत नाहीत?"

ताई उत्तर देणार इतक्यात मुंगी धावत आली. मुंगी म्हणजे मावशीची मुलगी, आठ वर्षांची आणि जिथे शिरू नये तिथे आधी शिरणारी. आज तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"जायफळ मान वर करत नाहीये. मी हाक मारली तरी बघत नाही."

दोघंही गंजीवरून खाली उतरली.

मावशी जनावरांची डॉक्टर होती. घोडेस्वारी शिकवणाऱ्या एका शाळेच्या आवारातच तिचं घर होतं. आवारात फरसबंद चौक, चौकाभोवती घोड्यांचे कप्पे, एका टोकाला खोगिरांची खोली आणि दुसऱ्या टोकाला कचेरी. जायफळ ही त्यातली सगळ्यात म्हातारी घोडी, तपकिरी रंगाची. मुंगी तिच्याच पायांना धरून उभं राहायला शिकली होती. परवा जायफळचा पुढचा पाय मुरगळला आणि गुडघ्यापर्यंत सुजला. मावशीने औषध सुरू करायला सांगितलं आणि ती बोटीने दूरच्या बेटावर गेली, तिथल्या गुरांना लसी टोचायला. तिकडे फोन लागत नव्हता. ताईने सकाळपासून अनेकदा लावून पाहिला होता.

कप्प्यात जायफळ कोपऱ्याकडे तोंड करून उभी होती. खालचा ओठ लोंबत होता. मागचे पाय मधूनच वाकायचे आणि पडता पडता ती सावरायची. बरं वाटायला हवं होतं, तर दर वेळी औषध दिल्यावर ती जास्तच ढेपाळत होती. दाराशी मोतद्दार काका उभे होते. घोड्यांचं खाणंपिणं, खरारा, सगळं तेच बघायचे.

"काका, हिला झालंय काय?" ताईने हळूच विचारलं.

"दुखरा पाय हलवू नये म्हणून दिलेलं गुंगीचं औषध आहे बाळा, थोडी झापड येणारच. पण इतकी?" काकांनी मान हलवली. "मी कचेरीत साहेबांना म्हटलं, आजचा संध्याकाळचा डोस राहू दे. साहेब म्हणाले, डॉक्टरणीने सांगितलंय तसंच होणार. मी फक्त हिचं डोकं धरतो. माप साहेब घेतात."

"अजून एक डोस हिला झेपेल?"

काकांनी मुंगीकडे पाहिलं आणि ते पायाखालचा भुसा सारखा करू लागले. मुंगीला जे कळायचं ते कळलं. तिने जायफळच्या मानेला गच्च मिठी मारली. तिला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मुंगी गप्प व्हायची, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

भोपळ्या एव्हाना फळीवरची औषधाची बाटली उचलून हलवत होता. बाटली तपकिरी काचेची होती, आत दिसत काहीच नव्हतं.

"ही तर रिकामी झालीय जवळजवळ," तो म्हणाला. "मावशी म्हणाली होती ना, चार दिवस पुरेल?"

ताई जागच्या जागी थबकली. "तिचे नेमके शब्द आठवतायत का कोणाला?"

"मला आठवतायत," मुंगी जायफळच्या मानेत तोंड खुपसूनच म्हणाली. "आई एक पाय गाडीत ठेवून साहेबांना म्हणाली, पाऊणशे मिली, सकाळ-संध्याकाळ, पिचकारीने गालात सोडायचं. बाटली सहाशेची आहे, चार दिवस पुरेल, तोवर मी आलेच."

"बस खाली," ताई भोपळ्याला म्हणाली. "उदाहरण सोडवायचंय."

"आत्ता?"

"आत्ताच. दिलंय काय?"

भोपळ्याने खडूचा तुकडा घेतला आणि कप्प्याच्या लाकडी दारावर लिहायला लागला. "बाटली सहाशे मिलीची. चार दिवस. दिवसाला दोन डोस. म्हणजे आठ डोस. सहाशे भागिले आठ, पंच्याहत्तर."

"पाऊणशे. बरोबर जुळलं. आतापर्यंत किती डोस दिले, काका?"

"काल सकाळी, काल संध्याकाळी, आज सकाळी. तीन."

"तीन पंच्याहत्तरी दोनशे पंचवीस," भोपळ्या लिहीत गेला. "सहाशेतून गेले दोनशे पंचवीस. उरायला हवेत तीनशे पंच्याहत्तर."

ताईने मावशीच्या खोलीतून खुणा केलेला काचेचा मोठा पेला आणला. बाटलीतलं औषध हलक्या हाताने पेल्यात ओतलं आणि डोळे खुणेच्या रेषेत आणून पाहिलं. मग भोपळ्याला बघायला लावलं, मग काकांना. तिघांनीही तोच आकडा सांगितला.

पेल्यात पंच्याहत्तर मिली होतं.

"तीनशे मिली गेलं कुठे?" भोपळ्या पुटपुटला.

"सांडलं असेल," काका म्हणाले.

मुंगीने मान वर केली. "औषध गोड आहे. काल झाकणाला लागलेलं मी चाटलं होतं."

"मुंगे!" ताई ओरडली.

"थोडंसंच. पण गोड आहे. सांडलं असतं तर मुंग्या आल्या असत्या. एकही नाहीये."

तिने फळीखाली वाकून पाहिलं, भुसा उकरला, भिंतीची फट पाहिली. जमीन कोरडी ठणठणीत होती. बाटलीला तडा नव्हता, औषध परत ओतल्यावर झाकणही घट्ट बसलं. चोरून नेण्यासारखंही ते औषध नव्हतं. घोड्याचं गुंगीचं औषध चोरून कोण काय करणार?

"मग ते एकाच ठिकाणी गेलंय," ताई म्हणाली आणि जायफळकडे वळली. "भोपळ्या, दुसरं उदाहरण. काढायचंय काय?"

"एका डोसला दिलं किती, ते." खडू दारावर कुरकुरला. "सहाशेतून उरलेले पंच्याहत्तर गेले. पाचशे पंचवीस. भागिले तीन..." तो थांबला. त्याने पुन्हा भागाकार केला. "एकशे पंच्याहत्तर. ताळा करतो. एकशे पंच्याहत्तर त्रिक पाचशे पंचवीस, अधिक पंच्याहत्तर, सहाशे. बसलं."

आयुष्यात पहिल्यांदा त्याने ताळा न सांगता केला होता. पण कौतुक करायला कोणालाच सुचलं नाही. दर वेळी जायफळच्या पोटात दुपटीहूनही जास्त औषध गेलं होतं, आणि संध्याकाळ व्हायला फार वेळ उरला नव्हता.

शाळेच्या व्यवस्थापकांना सगळे साहेब म्हणायचे. मुलं पाठीमागे त्यांना इस्त्री म्हणायची, कारण त्यांच्या शर्टाची घडी घोड्यांच्या कप्प्यातही मोडत नसे. ताई कचेरीत शिरली तेव्हा ते पंख्याखाली बसून पेन्सिलीला टोक करत होते.

"साहेब, जायफळला औषध जास्त जातंय," ताईने एका दमात सांगितलं. "मावशीने पाऊणशे सांगितलं होतं."

"आणि मी पाऊणशेच दिलंय," साहेब म्हणाले. "एक थेंब कमी नाही की जास्त नाही."

"पण बाटलीत..."

"बाटलीला हात लावलात तुम्ही?" साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. "हे बघ मुली, शाळेत असताना गणितात माझा पहिला नंबर असायचा. मला माप शिकवू नकोस. औषधानेच घोडी बिघडली असेल तर ते औषध तुझ्या मावशीनेच दिलंय, त्याचा जाब शाळेच्या मालकीणबाई तिला विचारतील. संध्याकाळचा डोस बाईंचा चहा झाला की मी देणार. आणि पुन्हा औषधाच्या आसपास दिसलात तर तिघांना पहिल्या गाडीत बसवून घरी पाठवीन."

"घर इथेच आहे माझं," दारातून मुंगी म्हणाली.

"मग दोघांना," साहेब म्हणाले.

तिघं बाहेर आली. ताईचे कान लाल झाले होते. खोटं बोलणारा माणूस नजर चुकवतो, निदान अडखळतो तरी. साहेबांनी सरळ डोळ्यांत बघून सांगितलं होतं. त्यांनी पाऊणशे दिलं होतं, आणि बाटली म्हणत होती एकशे पंच्याहत्तर. दोन्ही एकदम खरं कसं असणार?

"तेच शब्द, तेच माप, मग आकडा वेगळा कसा?" ती येरझारा घालत राहिली.

भोपळ्या पायरीवर बसून बोटं मोडत होता. "सव्वाशे," तो स्वतःशीच म्हणाला. "दीडशे. मग..." त्याने एकदम वर पाहिलं. "ताई, सव्वाशे म्हणजे शंभर आणि वर पाव. दीडशे म्हणजे शंभर आणि वर अर्धा. मग पाऊणशे?"

"पंच्याहत्तर. शंभरातले पाऊण."

"तू बरोबर शिकलीस म्हणून. ओळीने म्हणत गेलं तर शंभर आणि वर पाऊण येतं. एकशे पंच्याहत्तर. चाचणीत मी हेच लिहिलं होतं."

ताईने तोंडावर हात ठेवला.

"तुला सापडलं नाही, कारण तुझं चुकत नाही," भोपळ्या म्हणाला. त्यात फुशारकी नव्हती, तो खरंच विचार करत होता. "मला चुकायचा चांगला सराव आहे."

"चल, साहेबांना सांगू."

"नको. त्यांचा पहिला नंबर असायचा. आपण चूक दाखवली तर ते आधी रागावणार आणि मग विचार करणार. तोवर औषध जायफळच्या पोटात. चूक त्यांनी स्वतः म्हणायला हवी, आणि मालकीण आजींच्या समोर."

"आणि ते कसं जमवणार?"

भोपळ्याने बाबांनी दिलेलं उदाहरणांचं पुस्तक काखेत मारलं. सुट्टीत पहिल्यांदाच त्याने ते आपणहून उचललं होतं.

मालकीणबाई रोज संध्याकाळी चौकातल्या वेताच्या खुर्चीवर बसून चहा घ्यायच्या. हातात काठी, पायांत अजूनही स्वारीचे बूट. शेजारच्या टेबलावर साहेबांनी तयारी मांडली होती. जुनी बाटली, औषधांच्या कपाटातून काढलेली एक नवी सीलबंद बाटली, खुणांचा पेला आणि जाड पिचकारी. जुन्यातलं होतं नव्हतं ते त्यांनी पेल्यात ओतलं आणि नव्या बाटलीचं सील तोडलं. पलीकडे कप्प्याच्या दारात काका उभे होते, आणि जायफळच्या डोक्याखाली खांदा लावून मुंगी उभी होती. ते डोकं तिला पेलत नव्हतं, तरी ती हलत नव्हती.

"साहेब, एक उदाहरण अडलंय," भोपळ्या पुस्तक उघडून पुढे झाला. "ताईलाही येत नाहीये."

ताईने ओठ घट्ट मिटले. गणित येत नाही असं तिच्याबद्दल आजवर कोणी बोललं नव्हतं. पण जायफळसाठी तिने तेही गिळलं.

"नंतर," साहेब म्हणाले. नवी बाटली पेल्यावर कलली.

"अहो, सांगा की त्याला," मालकीणबाई म्हणाल्या. "सुट्टीत अभ्यास करणारं पोर माझ्या बघण्यात नाही."

साहेबांचा हात थांबला. मालकीणबाईंसमोर गणित समजावून सांगायची संधी कोण सोडेल? "वाच," ते म्हणाले, पण बाटली त्यांनी हातातच ठेवली.

पुस्तकाच्या त्या पानावर टाकी आणि दोन नळ होते. भोपळ्याने त्या नळांकडे बघत मनातलंच उदाहरण वाचायला सुरुवात केली. "एका आजोबांकडे खोकल्याच्या काढ्याची सहाशे मिलीची बाटली आहे. ते सकाळी आणि संध्याकाळी पाऊणशे मिली काढा घेतात. तर बाटली किती दिवस पुरेल?"

"यात अडण्यासारखं काय आहे? पायरीपायरीने जायचं. पाऊणशे म्हणजे किती?"

"तिथेच अडलंय."

साहेब हसले. "सव्वाशे म्हणजे शंभर अधिक पाव. एकशे पंचवीस. दीडशे म्हणजे शंभर अधिक अर्धा. एकशे पन्नास. मग पाऊणशे? शंभर अधिक पाऊण. एकशे पंच्याहत्तर. दिवसाला दोनदा, म्हणजे साडेतीनशे. सहाशेची बाटली दोन दिवससुद्धा पुरायची नाही."

"मागे उत्तर चार दिवस दिलंय."

"मग पुस्तक चुकलंय," साहेब म्हणाले आणि त्यांनी बाटली पुन्हा कलवली.

मालकीणबाईंचा कप बशीवर टेकला.

"साहेब," त्या सावकाश म्हणाल्या, "मी यंदा पाऊणशे वर्षांची झाले. तुमच्या हिशेबाने माझं वय किती?"

साहेबांनी बाईंकडे पाहिलं, मग हातातल्या पेल्याकडे पाहिलं. औषध एकशे पंच्याहत्तरच्या खुणेला येऊन टेकलं होतं. त्यांच्या कपाळावर घाम फुटला.

"माझ्या घोडीला तुम्ही किती देताय?" बाईंनी विचारलं.

"तीन वेळा एकशे पंच्याहत्तर दिलंय, आजी," ताई पुढे आली. "आम्ही मोजलंय. ताळाही करून पाहिलाय. कप्प्याच्या दारावर सगळं लिहिलेलं आहे."

"पेला खाली ठेवा," बाई म्हणाल्या. साहेबांनी तो ठेवला, आणि त्याच वेळी कप्प्यातून काकांची हाक आली.

जायफळचे मागचे पाय दुमडले होते. ती बसकण मारत होती, आणि मुंगी तिच्या डोक्याखालून निघायला तयार नव्हती. ताईने मुंगीला ओढून बाजूला केलं. काका आणि भोपळ्या घोडीच्या कुशीला खांदे लावून उभे राहिले. बाईंनी शेजारच्या गावातल्या डॉक्टरांना फोन लावला आणि तिथूनच ओरडून निरोप दिला. "आडवी होऊ देऊ नका. जागी ठेवा. थंड पाण्याने तोंड पुसत राहा. डॉक्टर निघालेत."

मग जे सुरू झालं ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं. काका पुढून दोर धरून होते, ताई ओल्या फडक्याने जायफळचं तोंड पुसत होती, भोपळ्या आपलं सगळं वजन तिच्या कुशीला लावून होता. दुसऱ्या कुशीला कोणीच नव्हतं आणि जायफळ तिकडेच कलंडत होती. तेवढ्यात तिकडून एक पांढरा, कडक इस्त्रीचा खांदा येऊन टेकला. ते साहेब होते. शर्टाला घाम, लाळ, भुसा सगळं लागलं, तरी ते जागचे हलले नाहीत. मुंगी मात्र बोलत होती. एरवी भीती वाटली की गप्प होणारी मुंगी जायफळच्या कानात एकसारखी बोलत होती. काय वाटेल ते सांगत होती, ओरडत होती, रागावत होती, झोपू नकोस म्हणून हात जोडत होती.

डॉक्टर आले तेव्हा चौकातले दिवे नुकतेच लागले होते. त्यांनी डोळे पाहिले, हिरड्या पाहिल्या, छातीला नळी लावली, एक सुई टोचली आणि बराच वेळ ऐकत राहिले. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"वाचेल," ते म्हणाले. "म्हातारी चिवट आहे. पण आणखी एक डोस गेला असता तर मला यायची गरजच पडली नसती. वेळेवर कोणाच्या लक्षात आलं?"

मालकीणबाईंनी काठीने कप्प्याचं दार दाखवलं. डॉक्टरांनी चष्मा चढवून खडूचं ते सगळं वाचलं, अगदी ताळ्यापर्यंत. मग त्यांनी भोपळ्याशी हात मिळवला, मोठ्या माणसाशी मिळवतात तसा. भोपळ्याचा हात भुशाने भरला होता आणि कान लाल झाले होते.

"साहेब, तुमचं काय करायचं ते मी उद्या बघेन," बाई म्हणाल्या.

"माझंच चुकलं," साहेब म्हणाले. "ही मुलगी मला सांगायला आली होती. मी ऐकलं नाही." हे बोलताना त्यांनी ताईकडे पाहिलं, आणि ताईचा राग निम्मा तिथेच उतरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी परतली. फाटकातच तिला सगळी हकिगत कळली. तिने ताईला आणि भोपळ्याला एकदम जवळ घेतलं, इतकं घट्ट की भोपळ्याला श्वास घेता येईना. "पंच्याहत्तर म्हणायला मला काय झालं होतं?" ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "आकडा सांगून परत म्हणवून घ्यायला हवा होता. मी गाडीत एक पाय ठेवून बोलत होते." मालकीणबाईंनी तिला समजावलं, आणि त्या दिवसापासून त्या आवारात औषधाचं माप सांगणाऱ्याने दोनदा सांगायचं आणि ऐकणाऱ्याने ते म्हणून दाखवायचं, असं ठरलं. मग बाई मुलांकडे वळल्या. "ही घोडी शिंगरू असताना मी आणली होती. काल तुम्ही ती मला परत दिलीत. माझ्याकडे याहून मोठं काही नाही," त्या म्हणाल्या.

"पण मुंगी कुठाय?" मावशीने विचारलं.

काकांनी ओठांवर बोट ठेवून कप्प्याकडे खूण केली.

मुंगी भुशात पाय पसरून गाढ झोपली होती. तिच्यावर मान झुकवून जायफळ उभी होती, चारही पायांवर, डोळे टक्क उघडे. माशी बसली की ती शेपूट हलवायची, पण पाय जागचा हलवत नव्हती. मावशी पुढे झाली तेव्हा जायफळने कान मागे केले आणि नाक फुरफुरवलं.

"बरं बाई, नाही उठवत," मावशी म्हणाली, आणि दाराबाहेरच खाली बसली.